भिल्ल कोअर आणि निवडक लष्करी दलांचे भवितव्य
(शहादा–म्हसावद परिसराच्या इतिहासाच्या अनुषंगाने)

१

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी, तापीच्या उत्तरेस पसरलेल्या सपाट व सुपीक पट्ट्यात शहादा तालुक्यातील म्हसावद हे गाव वसले आहे. जळगाव जिल्ह्यात लोहमार्गावर याच नावाचे दुसरे गाव आहे. प्रस्तुत विवेचनाचा संबंध पहिल्याशी आहे. १९०६ पूर्वी हा प्रदेश अखंड खानदेश जिल्ह्यात होता. त्यानंतर तो पश्चिम खानदेशात, म्हणजे पुढील धुळे जिल्ह्यात गेला, आणि १ जुलै १९९८ पासून तो नंदुरबार जिल्ह्याचा भाग झाला. गावाच्या उत्तरेस डोंगर चढू लागतो. राणीपूरमार्गे तोरणमाळच्या पठारावर जाणारी वाट येथूनच निघते, आणि पलीकडे धडगाव-अक्राणीचा दुर्गम मुलूख आहे. दक्षिणेस काळी जमीन व बाजारपेठा, उत्तरेस जंगल व पाडे, अशा दोन जगांच्या सीमेवर हे गाव उभे आहे.

लष्करी इतिहासाच्या अभ्यासकाला अशा सीमेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. नियमित सैन्याची चाल सपाटीवर निर्वेध असते. डोंगर सुरू झाला की तिचा वेग, रसद व माहिती ही तिन्ही खुंटतात. ज्या दलांना आज विशेष दले किंवा कमांडो दले म्हणतात, त्यांचा जन्म बहुतेक ठिकाणी अशाच सीमेवर झालेला दिसतो. खानदेशात हा प्रयोग १८२५ मध्ये झाला. त्याचे नाव खानदेश भिल्ल कोअर. या दलाची घडण, त्याने केलेले कार्य आणि त्याचा शेवट यांचा विचार केल्यास, अशा दलांची आज जगभर होत असलेली वाढ व त्यांचे भावी स्थान यांवर काही प्रकाश पडू शकतो.

२

विषयाकडे वळण्यापूर्वी काही शब्दांचा इतिहास ध्यानात घेणे उपयुक्त ठरेल. कारण लष्करी संस्था बदलल्या तरी त्यांचे जुने अर्थ शब्दांत टिकून राहतात.

‘गनिमी कावा’ या मराठीत रूढ झालेल्या शब्दातील ‘गनीम’ हा अरबी मूळचा शब्द असून त्याचा अर्थ शत्रू, लुटारू असा आहे. मोगल लेखक मराठ्यांना गनीम म्हणत. प्रतिपक्षाने दिलेले हे नाव मराठ्यांनी आपल्या युद्धपद्धतीस अभिमानाने लावून घेतले. ‘कमांडो’ हा शब्द पोर्तुगीजमधून दक्षिण आफ्रिकेतील डच वसाहतवाल्यांच्या भाषेत गेला. १८९९ ते १९०२ या काळातील बोअर युद्धात शेतकऱ्यांच्या घोडेस्वार तुकड्यांना हे नाव होते. ज्या इंग्रजांना या तुकड्यांनी जेरीस आणले, त्यांनीच १९४० मध्ये आपल्या नव्या छापामार दलांना तेच नाव दिले. म्हणजे दोन्ही उदाहरणांत शत्रूचे तंत्र आणि शब्द यांची देवघेव झालेली आहे.

‘मवास’ हा तिसरा शब्द. फार्सी तवारिखांत सरकारसारा न देणाऱ्या, दुर्गम मुलखाच्या आश्रयाने राहणाऱ्या लोकांसाठी तो येतो. अक्कलकुव्याच्या बाजूची काठी, चिखली, सिंगपूर, नाल, नवलपूर व गव्हाळी ही भिल्ल प्रमुखांची संस्थाने इंग्रजी अमदानीत ‘मेवासी’ संस्थाने म्हणूनच ओळखली जात. राज्यसत्तेच्या दृष्टीने जो बंडखोरांचा थारा, तोच तेथील रहिवाशांच्या दृष्टीने आपला देश होता.

चौथा शब्द ‘नाईक’. संस्कृत ‘नायक’पासून आलेल्या या शब्दाने खानदेशात भिल्ल टोळीचा प्रमुख दर्शविला जाई. घाटवाटांची राखण करणे आणि त्याबद्दल ठरलेला हक्क घेणे हे त्याचे परंपरागत काम होते. कंपनीच्या फौजेत मात्र ‘नाईक’ हा शिपायाच्या वरचा आणि हवालदाराच्या खालचा हुद्दा होता, व भारतीय सैन्यात तो आजही आहे. डोंगरातला नाईक आपल्या लोकांचा स्वामी. पलटणीतला नाईक दहा जणांवरचा हुकमाचा ताबेदार. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांमधील अंतर हेच भिल्ल कोअरच्या इतिहासाचे सूत्र आहे असे म्हणता येईल.

३

१८१८ मध्ये पेशवाई संपून खानदेश कंपनीच्या ताब्यात आला तेव्हा तो उद्ध्वस्त अवस्थेत होता. शहाद्यानजीकचे सुलतानपूर हे एके काळचे भरभराटीचे ठाणे यशवंतराव होळकरांच्या काळातील धामधुमीत ओस पडले होते. घाटांवरील नाईकांचे हक्क बुडाले होते. त्यामुळे राखण करणारेच लूट करू लागले होते. पेशवाईच्या अखेरच्या काळात काही अधिकाऱ्यांनी भिल्लांना विश्वासघाताने पकडून त्यांचे सामूहिक शिरकाण केल्याच्या हकिकती नमूद आहेत. १८४३ मध्ये खानदेशातील भिल्लांविषयी टिपण लिहिणाऱ्या कॅप्टन ग्रॅहॅमने १८१८ च्या सुमाराचे जे वर्णन दिले आहे, त्यात पन्नास प्रमुख नाईक व त्यांच्या हुकमतीतील सुमारे पाच हजार माणसे असा आकडा येतो. तो सरकारी दृष्टीचा आहे हे लक्षात ठेवूनही परिस्थितीची कल्पना त्यावरून येते.

पहिला राजकीय अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज याने डोंगरात जाणारी रसद तोडणे, टोळ्यांचा पाठलाग करणे आणि शरण येणाऱ्यांस तनखे देणे असा मार्ग अवलंबिला. काही नाईक मारले गेले, काही पकडले गेले, पण त्यांच्या जागी दुसरे उभे राहत. सपाटीवर कवायत शिकलेल्या शिपायांना सातपुड्याचा हिवताप सोसवत नसे, वाटा माहीत नसत आणि पाड्यांवर बोलली जाणारी भाषा कळत नसे. सात वर्षांच्या अनुभवानंतर मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने धोरण बदलले. १८२५ मध्ये खानदेशात तीन भिल्ल एजन्स्या स्थापन झाल्या. वायव्येकडील एजन्सीकडे नंदुरबार, सुलतानपूर, पिंपळनेर व डांग हा प्रदेश होता, आणि म्हसावदचा मुलूख तिच्यात मोडत असे. तिचे ठाणे आज गुजरातच्या तापी जिल्ह्यात असलेल्या कुकरमुंडे येथे होते. दक्षिणेकडील एजन्सी कन्नडला होती. तेथे ओव्हन्स या अधिकाऱ्याने भिल्लांना जमिनी, बियाणे, बैल व तगाई देऊन शेतीस लावण्याचे काम हाती घेतले. तिसरी एजन्सी धरणगावची. तेथे लेफ्टनंट जेम्स आउट्रम याच्याकडे भिल्लांचे लष्करी दल उभारण्याचे काम सोपविले गेले.

या तीन एजन्स्यांची योजना एकत्र पाहणे आवश्यक आहे. शस्त्र, जमीन आणि देखरेख ही एकाच धोरणाची तीन अंगे होती. पुढील काळात इतिहासकारांचे लक्ष आउट्रमच्या साहसांकडे अधिक गेले आणि कन्नडच्या नांगराकडे कमी. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ही उणीव लहान नाही.

४

आउट्रमची पद्धत त्याच्या स्वतःच्या निवेदनावरून स्पष्ट होते. प्रथम त्याने अचानक छापा घालून एका टोळीचा पाडाव केला व काही माणसे कैद केली. नंतर त्या कैद्यांच्याच मध्यस्थीने त्याने त्यांच्या नाइकांशी बोलणे सुरू केले. तो एकटा, रक्षकांवाचून जंगलात त्यांच्यासोबत राहिला, त्यांच्याबरोबर शिकारीस गेला, त्यांच्या पंगतीस मद्य घेऊन बसला. अखेर पाच धाडसी माणसे त्याच्या चाकरीत येण्यास तयार झाली. या पाचांपासून दलाचा आरंभ झाला. पुढे नवे भिल्ल शिपाई मालेगावी नेण्यात आले, तेव्हा आउट्रमच्या जुन्या पलटणीतील उच्चवर्णीय शिपायांनी त्यांची हेटाळणी न करता त्यांना शेजारी बसवून पानसुपारी दिली. ही गोष्ट त्याने मोठ्या समाधानाने नमूद केली आहे. कवायतीपेक्षा हा मान नव्या शिपायांना अधिक मोलाचा वाटला असावा. थोड्याच वर्षांत दलाची संख्या काही शेकड्यांवर गेली. १८३० मध्ये डांगच्या मोहिमेत त्याचा उपयोग झाला. आउट्रम १८३५ मध्ये खानदेशातून महीकाठ्यात गेला, पण दल टिकून राहिले. मेवाडात १८४१ मध्ये याच धर्तीवर भिल्ल कोअर उभी राहिली व माळव्यातही तसाच प्रयोग झाला.

येथे एक गोष्ट विशेष नोंदविण्यासारखी आहे. या दलाचे बळ हत्यारात नव्हते. वाट ओळखणे, पाण्याचे ठिकाण जाणणे, पाड्यातील बोली बोलणे आणि कोणाचे कोणाशी नाते व कोणाशी वैर आहे हे ठाऊक असणे, यांत ते होते. सातपुड्यातील बोलींचे वैविध्य मोठे आहे. भिलोरी, पावरी, मावची, वसावी यांसारख्या बोली थोड्याथोड्या अंतरावर बदलतात. थॉम्प्सनचे भिली व्याकरण १८९५ मध्ये, तर ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा भिल्ल बोलींवरील खंड १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे विद्वानांनी या बोलींची नोंद करण्यापूर्वी सत्तर-ऐंशी वर्षे लष्कराने त्या बोलणाऱ्यांचा उपयोग करून घेतला होता. माणसाची भाषा प्रथम शस्त्र म्हणून राज्यकर्त्यांच्या उपयोगी पडली, आणि ज्ञानाचा विषय म्हणून तिचा विचार नंतर झाला.

५

दलाच्या उपयुक्ततेबरोबरच त्याची किंमतही त्याच डोंगरात मोजली गेली. १८५७ च्या उठावाच्या वेळी सेंधव्याच्या घाटाची राखण पूर्वी सरकारसाठी करणारा खाज्या नाईक बंडात सामील झाला. त्याला एका माणसाच्या मृत्यूबद्दल नोकरीतून काढून तुरुंगात टाकण्यात आले होते. उठावाच्या काळात त्याला पुन्हा कामावर घेतले गेले, पण तो सरकारच्या बाजूस राहिला नाही. त्याने व भीमा नाईकाने शेकडो भिल्लांना एकत्र आणले. इंदूरहून मुंबईकडे जाणारा सुमारे सात लाख रुपयांचा सरकारी खजिना त्यांनी लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील आंबापाणी येथे कंपनीच्या फौजेने त्यांना गाठले. त्या फौजेत भिल्ल कोअरही होती. लढाईनंतर अनेक कैद्यांना तेथल्या तेथे लष्करी न्यायालयापुढे उभे करून गोळ्या घालण्यात आल्या, आणि स्त्रियांनाही पकडून नेण्यात आले. खाज्या नाईक पुढे १८६० मध्ये दग्याने मारला गेला.

आंबापाणीच्या रणात दोन्ही बाजूंना भिल्ल होते. दोघांचीही वाटांची ओळख सारखीच होती. खाज्या नाईक हा स्वतः सरकारने वापरलेल्या राखणदारीच्या व्यवस्थेतून आलेला होता. स्थानिकांमधून उभारलेल्या दलाचे हे मूळ दुखणे आहे. जे ज्ञान त्याला उपयुक्त बनविते, तेच त्याला आपल्या माणसांविरुद्ध उभे करते. आणि ज्याला एकदा हे काम शिकविले, तो नोकरीतून निघाला म्हणजे त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर निघून जाते.

शांतता दृढ झाल्यावर कोअरचे लष्करी स्वरूप क्षीण होत गेले. खजिन्यावर व तुरुंगावर पहारा देणे, दरोडेखोरांचा माग काढणे अशी कामे तिच्या वाट्यास आली व अखेर ती जिल्हा पोलिसांत विलीन झाली. तिच्या जोडीने सुरू झालेल्या शेतीच्या योजनेचे फळही टिकले नाही. विसाव्या शतकापर्यंत सपाटीवरील आदिवासींच्या कितीतरी जमिनी सावकारीत गेल्या. शहादा तालुक्यात पिकांच्या राखणीसाठी जमीनदारांनी पीक संरक्षण सोसायट्या काढल्या, व त्यांच्या रखवालदारांचा धाक आदिवासी मजुरांवर बसला. मे १९७१ मध्ये पाटीलवाडी येथे आदिवासींवर गोळीबार झाला. त्यानंतर अंबरसिंग सुरतवंती व श्रमिक संघटनेचे कार्यकर्ते यांच्या नेतृत्वाखाली जमिनी परत मिळविण्याची चळवळ या भागात उभी राहिली. १८२५ च्या योजनेतील शस्त्राचे अंग सफल झाले आणि जमिनीचे अंग विफल झाले, याचा हा दीर्घकालीन परिणाम होय.

६

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निवडक दलांची कल्पना भारतात नव्या रूपाने पुढे आली. १९६२ च्या युद्धाच्या अखेरीस सीमावर्ती लोकांतून, मुख्यतः तिबेटी निर्वासितांतून, स्पेशल फ्रंटिअर फोर्स उभारले गेले. १९६५ च्या युद्धात मेजर मेघसिंग यांच्या मेघदूत दलाने शत्रूच्या पिछाडीस केलेल्या कामगिरीतून १९६६ मध्ये ९ पॅरा कमांडो ही पलटण निर्माण झाली. १९८४ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल, १९८७ मध्ये नौदलाचे मार्कोस, २००४ मध्ये हवाई दलाचे गरुड ही दले आली. २०१९ मध्ये तिन्ही सेनांतील अशा तुकड्यांना एकत्र आणणारा विशेष कारवाई विभाग सुरू झाला. जुलै २०२५ मध्ये लष्करप्रमुखांनी द्रास येथे ‘भैरव’ या हलक्या कमांडो पलटणींची घोषणा केली. अन्य देशांतही हीच दिशा दिसते. १९८० मध्ये इराणातील ओलिसांच्या सुटकेचा प्रयत्न फसल्यानंतर अमेरिकेने १९८७ मध्ये विशेष दलांसाठी स्वतंत्र सेनाविभाग स्थापिला. आज त्यातील माणसांची संख्या सत्तर हजारांच्या घरात आहे.

महाराष्ट्रात या वाढीच्या दोन वेगळ्या वाटा दिसतात. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला तेव्हा राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलास हरियाणातील मानेसरहून विमानाने यावे लागले. त्या विलंबाच्या अनुभवातून २००९ मध्ये मुंबईत त्या दलाचे केंद्र आणि राज्य पोलिसांचे ‘फोर्स वन’ अस्तित्वात आले. ही वाट वेगाची व शिक्षणाची आहे. गडचिरोलीतील ‘सी-६०’ हे दल डिसेंबर १९९० मध्ये साठ जवानांनिशी सुरू झाले. त्यांतील जवान बहुतांशी त्याच जिल्ह्यातील, गोंडी व माडिया बोलणारे, जंगलाचे जाणते आहेत. ही वाट आउट्रमच्या वाटेची आहे. शासन आणि त्याचे हेतू यांत मूलभूत फरक आहे. एकीकडे परकीय कंपनी होती, दुसरीकडे निवडून आलेल्या विधिमंडळास जबाबदार असे शासन आहे. तथापि दलाच्या घडणीतील साम्य नजरेआड करता येत नाही, आणि त्यातून येणारे दुखणेही तेच आहे. गावातला एक मुलगा दलात आणि दुसरा दलमात, हे गडचिरोलीच्या जंगलातील वास्तव आंबापाणीची आठवण करून देते. जवान सुट्टीवर घरी आला असता त्याच्या जिवाला असलेला धोका आणि त्याच्या कुटुंबावर येणारा दबाव, ही किंमत शहरातून आलेल्या दलास द्यावी लागत नाही.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०११ मध्ये छत्तीसगडविषयी दिलेला निर्णय महत्त्वाचा आहे. अल्पशिक्षित आदिवासी तरुणांना तुटपुंज्या मानधनावर विशेष पोलीस अधिकारी नेमून त्यांच्या हाती शस्त्रे देणे व त्यांना बंडखोरांविरुद्ध पुढे करणे न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले. स्थानिक ज्ञान राज्याने वापरावे की नाही, याहून ते कोणत्या अटींवर वापरावे हा प्रश्न अधिक मूलभूत आहे, हे त्या निर्णयाने स्पष्ट झाले.

७

या इतिहासाच्या आधारे निवडक दलांच्या भावी वाढीसंबंधी तीन विधाने करता येतील.

पहिले संख्येविषयी. शिवकालापासून अशा कामगिऱ्या थोड्या माणसांनी केल्या आहेत. एप्रिल १६६३ मधील शाहिस्तेखानावरील छापा असो, की १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने मोजक्या साठ गड्यांनिशी घेतलेला पन्हाळा असो. बळ निवडीत होते. दल यशस्वी झाले की त्याची मागणी वाढते, मागणीबरोबर भरती वाढते आणि भरतीबरोबर निवड सैल होते. ज्याला सर्वच कामे सांगितली जातात, ते दल अखेर सामान्य पलटण बनते. भिल्ल कोअरचा शेवट खजिन्याच्या पहाऱ्यात झाला, तो याच क्रमाने.

दुसरे ज्ञानाविषयी. ड्रोन, उपग्रह आणि रात्री पाहणारी दुर्बीण यांमुळे वाटाड्याची गरज संपली असे मानण्याकडे कल वाढत आहे. यंत्र झाडाखालचा माणूस दाखविते, पण तो सरपण गोळा करणारा आहे की टेहळणी करणारा, हे ते सांगत नाही. त्यासाठी त्याच्याशी बोलता यावे लागते. म्हणून यापुढील दलांत बोलींचे शिक्षण हे नेमबाजीच्या शिक्षणाइतकेच आवश्यक ठरेल. आणि ती भाषा केवळ चौकशीची नसून विचारपूस करण्याचीही असावी लागेल.

तिसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे, दलाच्या पाठीमागील धोरणाविषयी. निवडक दल वेळ मिळवून देते. त्या वेळात करावयाचे काम त्याचे नसते. एल्फिन्स्टनच्या योजनेत ही जाणीव निदान कागदावर होती, म्हणूनच धरणगावच्या जोडीला कन्नड होते. कन्नडचे काम अर्धवट राहिले आणि दीडशे वर्षांनी शहाद्याच्या शेतांत तोच हिशेब पुन्हा मांडावा लागला. वनहक्क, जमीन, शाळा व दवाखाना यांची कामे ज्या प्रदेशात मागे पडतात, तेथे निवडक दलाचे काम कधी संपत नाही, आणि जे दल कधी परत जात नाही ते लोकांच्या दृष्टीने रक्षक राहत नाही. अशा दलाच्या उभारणीच्या आदेशातच त्याची मुदत, त्याच्यावरील न्यायालयीन नियंत्रण आणि सेवा संपल्यावर त्यातील स्थानिक जवानांच्या निर्वाहाची व संरक्षणाची सोय यांचा समावेश असणे अगत्याचे आहे. खाज्या नाइकाच्या चरित्रातून निघणारा हा व्यावहारिक निष्कर्ष आहे.

खानदेश भिल्ल कोअरचा इतिहास आजवर मुख्यत्वे तिच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या लेखनावरून सांगितला गेला. दप्तरातील कागद आणि सातपुड्यातील पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जाणाऱ्या आठवणी एकत्र ठेवून हा इतिहास पुन्हा लिहिला पाहिजे. म्हसावदपासून तोरणमाळपर्यंतच्या वाटेवर अशा आठवणी सांगणाऱ्या बोली अद्याप घराघरांत बोलल्या जातात. त्या बोलींतून काम करू शकणारे संशोधक तयार करणे हे विद्यापीठांचे कर्तव्य ठरते.